आरएक्स १००: नवं निडल-सीट टाकूनही कार्बोरेटर ओव्हरफ्लो

कोयनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.
गाडी यामाहा आरएक्स १००, १९९४ चं मॉडेल. वडिलांनी कराडात नवी घेतलेली. मधली बरीच वर्षं ताडपत्रीखाली होती, आता पुन्हा रस्त्यावर आणली आहे. इंजिन ठणठणीत आहे. त्रास एकच, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय.

टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू केला की थोड्या वेळात बाऊलच्या (कार्बोरेटरची खालची पेट्रोलची वाटी) खालच्या पाइपातून थेंब सुरू होतात. धार नाही, थेंबच. गाडी चालू असो वा बंद, फरक पडत नाही. कॉक बंद केला तरी थेंब बराच वेळ येत राहतात आणि मग आपोआप थांबतात. सकाळी किका मारून घाम निघतो, पण कॉक उघडून जरा दम खाल्ला की लगेच लागते. चालताना मात्र तक्रार नाही. प्लग विटकरी रंगाचा, मिसिंग नाही.

टाकी धुऊन झाली, कॉकची जाळी साफ केली. फिटरने निडल-सीटचं (बाऊलमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी सुई आणि तिची बैठक) किट टाकलं, फरक नाही. मग दुसरं, जरा महागाचं टाकलं, तरी तेच. आता तो म्हणतोय, कार्बोरेटरच नवा घ्या. ओरिजिनल मिकुनी व्हीएम २० आहे, टाकायला जीव होत नाही. गाडी जिन्याखाली लागते आणि अख्ख्या घरात पेट्रोलचा वास येतो. आई म्हणते, एकतर ती राहील नाहीतर मी.

---

किकमास्तर_कोल्हापूर

भावा, स्क्रूड्रायव्हरची मूठ घे आणि बाऊलवर हळू दोन टोले दे. निडल अडकली असेल तर तिथल्या तिथं सुटते. आमच्यात निम्म्या गाड्या अशाच चालत्यात.

---

कोयनाकाठ

दादा, तो उपाय पहिलाच करून झाला. फिटरनेही केला, शेजारच्या काकांनीही केला.

---

मधुरा_सं

दुरुस्तीचं जाणकार सांगतीलच, पण आधी ती गाडी जिन्याखालून बाहेर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत साचत राहते आणि सरपटत दुसऱ्या खोलीपर्यंत जाते. जिन्याजवळ देवघर, गॅस गिझर किंवा इन्व्हर्टर असेल तर फारच वाईट. तोवर गाडी घरी आणताना शेवटच्या वळणावर कॉक बंद करायचा आणि दारात इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे बाऊल रिकामा होतो. आईंची बाजू बरोबर आहे.

---

वऱ्हाडी_गिअर

भाऊ, टाकी धुतली म्हणजे कशी धुतली? पेट्रोल ओतून हलवली अन् सांडली, असंच नं? उभ्या गाडीच्या टाकीतला गंज असा निघत नाही. त्याची इतकी बारीक भुकटी असते की कॉकच्या जाळीतून आरामात खाली येते अन् नेमकी निडलच्या टोकाशी बसते. बाऊल उघडला तेव्हा तळाशी लाल-तपकिरी गाळ होता का, ते सांग.

मी माझ्या टाकीत साधं व्हिनेगर भरून रात्रभर ठेवलं होतं. सकाळी आत जुनी सायकलची चेन टाकून घुसळली, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली आणि लगेच उन्हात वाळवली. वाळल्याबरोबर आतून टू-टी ऑइल फिरवलं, नाहीतर तासाभरात पुन्हा लाली चढते. कॉक आधी काढून ठेवा, त्याच्यातले रबर खराब होतात.

---

कोयनाकाठ

गाळ होता, पहिल्यांदा उघडला तेव्हा. व्हिनेगरचाच प्रयोग केला आणि मग लाइनमध्ये जाळीचा छोटा फिल्टर टाकला. आता बाऊलचा तळ स्वच्छ असतो. थेंब तसेच.

---

नवा_टाका_सुटा

कशाला डोकं लावताय? बाजारात नवा कार्बोरेटर मिळतो, बसवा आणि मोकळे व्हा. मजुरीतच तेवढे पैसे जातील.

---

आप्पा_३५०

साहेब, बाजारात मिळतो तो व्हीएम २० सारखा दिसणारा. आतली स्लाइड, जेट, निडलची चढण, सगळं वेगळं. बसवल्यावर आधी आयडलिंग धरत नाही, मग अर्ध्या थ्रॉटलला अडखळते, आणि मालक पुढची काही वर्षं एअर स्क्रू फिरवत बसतो. खरा जुना मिकुनी हातात असताना तो कुणी टाकत नाही. आरएक्स आपल्याकडे १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, म्हणजे सगळ्यात धाकट्या गाडीचा कार्बोरेटरही केव्हाच वयात आला. मिळतील तितके जपायचे.

---

रोजचा_प्रवासी

हे सगळं इथेनॉलमुळे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या गाड्यांसाठी नाहीच. रबर फुगतं, निडल अडकते, गळती सुरू. कितीही किटं बदला.

---

रसायन_कट्टा

अर्धं बरोबर आहे. आपल्याकडे १० टक्क्यांचा टप्पा २०२२ मध्ये गाठला, २० टक्क्यांचा २०२५ मध्ये. त्याआधीच्या गाड्यांतले काही रबर आणि गास्केटं इथेनॉलला टिकत नाहीत, हे खरं. एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे: बाऊलची स्वस्तातली गास्केट फुगून आत सरकते आणि फ्लोटला (बाऊलमधला तरंगता भाग) घासते, मग फ्लोट पूर्ण वर येत नाही. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकट थर सोडवतं आणि तो खाली येतो. हवेतलं पाणीही ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात उभ्या गाडीत तळाशी पाणी जमतं आणि गंज वाढतो.

पण ओव्हरफ्लो इथेनॉलच्या आधीही होत होताच. कारण शोधायच्या आधीच सगळं पेट्रोलवर ढकललं तर गाडी तिथंच राहील. धागाकर्त्याने गास्केट तपासावी, एवढंच म्हणतो.

---

उद्यमनगरी

धागा पहिल्यापासून वाचला. कोयनाकाठ, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये एक गोष्ट लिहिली आहे आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष गेलेलं नाही. जरा सविस्तर लिहितो.

आधी ही यंत्रणा कशी चालते ते बघू. बाऊलमध्ये पेट्रोल चढतं तसा फ्लोट वर येतो. फ्लोटची पट्टी निडलला ढकलते, निडल सीटमध्ये बसते आणि पेट्रोल थांबतं. काही बिघडलं आणि पेट्रोल चढतच राहिलं, तर ते इंजिनात जाऊ नये म्हणून बाऊलमध्ये एक उभी पितळी नळी असते. तिचं तोंड ठरलेल्या पातळीच्या थोडं वर असतं. पेट्रोल तिथवर चढलं की नळीतून खाली उतरतं आणि तुमच्या पाइपातून बाहेर येतं. ओव्हरफ्लो म्हणतात तो हा.

आता विचार करा. निडल गळत असेल आणि तुम्ही कॉक बंद केला, तर काय होईल? पातळी नळीच्या तोंडाखाली आली की गळणं थांबेल. त्याला जेमतेम काही थेंब पुरे. बाऊल जवळजवळ भरलेलाच राहील आणि सकाळी गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला लागेल. तुमची गाडी काय करते? कॉक बंद केल्यावरही बराच वेळ गळते आणि सकाळी बाऊल रिकामा असल्यासारखी वागते. म्हणजे पेट्रोल नळीच्या तोंडातून नाही, त्याच्या खालून कुठून तरी जातंय.

खालून जायला दोनच वाटा. एक ड्रेन स्क्रू, त्याची बैठक खराब असेल किंवा ओ-रिंग गेली असेल तर. दुसरी ती नळीच. पितळी नळी बाऊलमध्ये दाबून बसवलेली असते, जुनी झाली की तिला उभी चीर जाते. केसासारखी. साध्या डोळ्याला दिसतही नाही. निडल-सीट सोन्याचं टाकलं तरी तिथून गळणारच.

तरी पहिल्यांदा पातळी बघून घ्या, म्हणजे निडलवरचा संशय फिटेल. पारदर्शक पाइपचा तुकडा ड्रेनच्या तोंडाला लावा, बाऊलच्या बाजूने वर धरा, कॉक उघडा आणि ड्रेन स्क्रू सैल करा. पाइपात पेट्रोल जिथं थांबेल, तीच आतली पातळी. बाऊल आणि बॉडीच्या सांध्याच्या थोडी खाली असली तर तब्येत चांगली. सांध्याच्या वर गेली तर निडल किंवा फ्लोट. गाडी मेन स्टँडवर हवी, साइड स्टँडला पातळी वेडीवाकडी दिसते.

मग बाऊल काढा, आत पेट्रोल ओता, नळीच्या तोंडाच्या बरंच खाली राहील इतकंच, आणि वर्तमानपत्रावर ठेवून द्या. कागद ओला झाला तर चोर सापडला. नेमकी जागा हवी असेल तर बाऊल रिकामा करून वाळवा, नळीला बाहेरून खडू चोळा, खालचं तोंड बंद करा आणि नळीच्या आतच पेट्रोल भरा. चीर असेल तिथं ओली रेघ उमटते.

आणि हो, फिटरला शिव्या घालू नका. दहातल्या नऊ गाड्यांत निडलच असते, म्हणून हात तिकडेच जातो.

---

किकमास्तर_कोल्हापूर

काका, लै भारी. एवढी वर्षं गाड्या खोलतोय, पण कॉक बंद केल्यावर किती वेळ गळतंय हे कधी बघितलंच न्हाई.

---

आप्पा_३५०

उद्यमनगरींच्या पोस्टला एक शेपूट जोडतो, कारण हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांचा आजार निडलचाच निघेल.

किट टाकताना सीटच्या खालचा वॉशर विसरतात किंवा जुनाच टाकतात. वॉशर नसेल तर दुहेरी नुकसान. आट्यातून पेट्रोल झिरपतं ते वेगळंच, आणि सीट आत जाते म्हणून निडल उशिरा बंद होते, पातळी वर चढते. किटातली निडल जुन्यापेक्षा आखूड असली तरी तोच परिणाम. दोन्ही शेजारी धरून बघायला काय जातं? निडलच्या शेपटाला बारीक स्प्रिंगची पिन असते, ती नखाने दाबली की उसळून वर यायला हवी. अडकत असेल तर ती निडल फेका.

फ्लोटची उंची मोजताना कार्बोरेटर उलटा धरून सरळ मोजपट्टी लावू नका, फ्लोटच्या वजनाने स्प्रिंग दबते आणि माप खोटं येतं. तिरका धरा, फ्लोटची पट्टी पिनला नुसती टेकली की मोजा. माप मॅन्युअलमधलं घ्या, वॉट्सॅपवरचं नको. उंची जास्त म्हणजे पेट्रोलची पातळी कमी, इथं लोक हमखास उलटं करतात. वाकवायची ती मधली छोटी जीभ, आणि तीही अगदी किंचित.

पितळी फ्लोट असेल तर कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला छिद्र आहे. गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे जागा दाखवतील.

---

रसायन_कट्टा

निडल बसते की नाही, याची गॅरेजबाहेरची एक चाचणी: बाऊल काढलेला कार्बोरेटर उलटा धरा आणि पेट्रोलच्या पाइपातून हलकी फुंकर मारा. हवा गेली नाही पाहिजे. फ्लोट बोटाने उचलला की जायला पाहिजे. जोरात फुंकू नका. टाकीतलं पेट्रोल फक्त वीतभर उंचीवरून येतं, त्याला कसला दाब? फुफ्फुसाच्या जोराने चांगली निडलही हरते.

---

कोयनाकाठ

उद्यमनगरी काका, दंडवत.

पारदर्शक पाइप हार्डवेअरच्या दुकानात मिळाला. पातळी सांध्याच्या खाली, जिथं हवी तिथंच, आणि कॉक कितीही वेळ चालू ठेवला तरी हलली नाही. म्हणजे किट चांगलंच बसलं होतं. मग बाऊल काढून पेपरवर ठेवला. अर्ध्या चहात कागद ओला, तोही पाइपाच्या तोंडाखालीच, ड्रेन स्क्रू कोरडा ठणठणीत. खडू लावला तर नळीच्या मुळापासून वर साधारण बोटाच्या पेरभर ओली रेघ. भिंगातून बघितल्यावर चीर दिसली.

आता हे बुजवायचं कसं? फिटर म्हणतो, एम-सील लावू.

---

नवा_टाका_सुटा

आता तरी नवा बाऊल घ्या.

---

कोयनाकाठ

सुटा बाऊल नाना पेठेत विचारला. मिळतो तो लोकल, आणि त्याची नळी आत्ताच हलते.

---

उद्यमनगरी

एम-सील नको. पाण्याच्या नळाला ठीक, सतत पेट्रोलमध्ये बुडालेलं असलं की मऊ पडतं, आणि आता इथेनॉलमुळे आणखी लवकर. सुटलेला तुकडा मेन जेटमध्ये गेला की नवा ताप. नळीचं तोंड वरून बंद करून टाका असंही कुणीतरी सुचवेल. ते तर अजिबात नको. चीर तशीच राहते, आणि उद्या निडल अडकली तर पेट्रोलला बाहेर जायला वाटच नाही, ते सरळ इंजिनात जाईल.

पितळेला डाख द्या, म्हणजे साधं सोल्डर. नळी बारीक एमरी पेपरने चकाकेपर्यंत घासा, फ्लक्स लावा, आणि मोठ्या वॅटच्या आयर्नने कथील चिरेत मुरवा. बाऊलला गॅसची ज्योत दाखवू देऊ नका. तो ओतीव हलका धातू आहे, पितळ तापायच्या आत बाऊलच बसेल. आमच्याकडे उद्यमनगरात अशी राख झालेले बाऊल घेऊन लोक येतात. नळीच्या तोंडाची उंची बदलू देऊ नका, आणि आत बारीक तार घालून ठेवा म्हणजे कथलाने नळी बुजणार नाही. सोल्डर करायच्या आधी बाऊल साबणाने धुऊन, वाळवून, पेट्रोलचा वास पूर्ण गेल्याशिवाय आयर्न जवळ न्यायचं नाही.

चीर मुळातून असेल तर बैठकीच्या कडेनेही कथील फिरवा. कथील त्या ओतीव धातूला धरणार नाही, पण नळीभोवती कॉलर तयार होते.

---

रानवाट

विषय निघालाच आहे तर विचारते. माझी गाडी स्प्लेंडर, जुनी, कार्बोरेटरवाली. पाइपातून काहीच गळत नाही, पण पेट्रोल फार खाते आणि ऑइलला पेट्रोलचा वास येतो. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर दिसतंय, आणि मी तर टाकलेलंही नाही. हा ओव्हरफ्लोच का?

---

आप्पा_३५०

ताई, गाडी चालवणं आत्ता थांबवा. तुमच्याकडे ओव्हरफ्लोचा पाइप किंवा ती नळी कचऱ्याने बुजली असणार, कुंभारमाशीही तिथं घर करते. निडल गळतेय, बाहेर वाट नाही, म्हणून पेट्रोल सिलिंडरमध्ये आणि रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि कॅम खातं. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकला इंजिनात तसं ऑइल साठलेलं नसतं, त्यांचं फक्त क्रँककेस भरतं आणि प्लग ओला होतो. फोर-स्ट्रोकचं नुकसान मोठं.

कॉक बंद करा, प्लग काढून किक मारा म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल बाहेर येईल. हे उघड्यावर करा, आणि प्लगची कॅप इंजिनपासून लांब ठेवा, ठिणगी नको. मग पाइप मोकळा करा, निडल-सीट बदला, आणि शेवटी ऑइल पूर्ण बदला. आधी ऑइल बदललं तर ते परत घाण होईल.

---

वऱ्हाडी_गिअर

अन् ताई, कॉकही तपासा. बंद असताना त्याचा पाइप काढून बाटलीत सोडा, रात्रभर ठेवा. सकाळी बाटलीत पेट्रोल दिसलं तर कॉकचा रबर गेला. कॉक पक्का असता तर उभ्या गाडीत एवढं पेट्रोल उतरलंच नसतं.

---

रानवाट

कॉक मी कधी बंदच करत नाही 🙈 आजपासून करते. गाडी गॅरेजला ढकलत नेते आहे, चालू करणार नाही. धन्यवाद दोघांनाही.

---

कोयनाकाठ

अपडेट. वेल्डिंगवाल्याने बाऊल बघूनच हात जोडले. शेवटी जुन्या स्टँडजवळ एक रेडिओ-मिक्सर दुरुस्त करणारे चाचा आहेत, त्यांनी काम घेतलं. आधी नळी घासून घासून आरसा केली, मग आत सायकलच्या ब्रेकची तार घालून डाख दिला. कॉलरही फिरवली. पैसे घेताना म्हणाले, मोटरसायकलचं काम पहिल्यांदाच आलं.

बाऊल रात्रभर केरोसीन भरून पेपरवर ठेवला, कागद कोरडा. बसवताना गास्केट नवी टाकली, कारण रसायन_कट्टा म्हणाले तसं जुनीची आतली कड खरंच फुगून फ्लोटकडे आली होती. आता कॉक चालू ठेवूनही पाइपाचं टोक सुकं आहे आणि सकाळी गाडी दुसऱ्या किकला लागते. तरी गाडी सध्या अंगणातच लावतो, मधुराताईंचं ऐकून.

एक शंका: आयडलिंगला आता थोडी जड वाटते, आधी अशी नव्हती. पातळीत काही फरक पडला असेल का?

---

उद्यमनगरी

नव्या गास्केटची जाडी जास्त असेल तर बाऊल तेवढाच खाली बसतो. पण फ्लोट टांगलेला असतो बॉडीला, बाऊलला नाही, म्हणून पातळी फारशी हलत नाही. चोकचा प्लंजर पूर्ण खाली बसतोय का ते आधी बघा, कार्बोरेटर काढ-घाल करताना तो बऱ्याचदा अर्धवट राहतो. तो बरोबर असेल तर इंजिन गरम झाल्यावर एअर स्क्रू पाव आटा बाहेर घ्या आणि कान देऊन ऐका. आवाज चढला तर तिथंच ठेवा, आयडलचा स्क्रू थोडा कमी करा.

---

कोयनाकाठ

चोकच होता.